परिवहन मंत्र्यांचा शब्द

मी शाळेत असताना विरोधी पक्षनेता होते, असं सासरी सांगितलं की सगळे हसतात. नवरा तेवढा हसत नाही. तो म्हणतो, "होती म्हणजे? अजून आहे." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. भांडण माझ्या अंगातच आहे. फक्त त्याला रीतसर जागा पहिल्यांदा मिळाली ती दहावीत, वाशीमच्या अभिरूप विधानसभेत.

आता मी शिक्षिका आहे, आणि यंदा आमच्या शाळेतल्या दोन मुलांना अशाच शिबिराला घेऊन गेले होते. प्रत्येकापुढे माइक, गळ्यात ओळखपत्र, मुख्यमंत्र्यांच्या अंगात कोट. मुलं छान बोलली, पण सगळी पाठ केल्यासारखी बोलली. मागच्या खुर्चीत बसून मी ऐकत होते आणि माझं लक्ष सारखं आमच्या त्या विधानसभेकडे पळत होतं. तिथे माइक एकच होता आणि तोही बोलताना शिट्टी मारायचा.

अभिरूप म्हणजे लुटूपुटूची, पण सगळं खऱ्यासारखं. जिल्ह्यातल्या शाळांमधून नववी-दहावीची पोरं निवडायची, तीन दिवस वाशीमच्या एका शाळेत ठेवायची, अर्ध्यांना सत्ताधारी करायचं, अर्ध्यांना विरोधक. मग मंत्रिमंडळ, प्रश्नोत्तरं, विधेयक, सगळं यथासांग. आमच्या मानोऱ्याच्या हायस्कुलातून दोघं गेलो. एक मी, तांड्यावरची. दुसरा ब तुकडीतला मुलगा, ज्याच्या वडिलांचं बसस्टँडजवळ सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दोघांची नावं इतिहासाच्या सरांनी दिली. त्याचं दिलं, कारण तो गोड बोलायचा. माझं काहून दिलं असं विचारल्यावर सर म्हणाले, "तू कोणाचं ऐकत नाईस म्हणून." मला तो मुलगा आवडत नव्हता. तेल लावून चापून बसवलेले केस, वहीला खाकी कव्हर आणि सरांपुढे मान खाली. असल्या पोरांचा मला उगाच राग यायचा.

माझ्या मनात त्या वेळी काय चाललं होतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं पोरखेळ वाटेल. त्या दिवाळीनंतर माझी शाळा सुटणार होती. आमचा तांडा दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचा. मुकादमाचा ट्रक यायचा, घरंच्या घरं त्यात चढायची आणि उन्हाळा लागल्यावर परतायची. आधीची वर्षं मी काकीजवळ मागे राहिले होते. गुडघ्याच्या दुखण्यामुळे काकी ऊसतोडीला जात नसे. शाळेत चालत जायला तांड्यातल्या दोन मोठ्या मुली सोबत होत्या. उन्हाळ्यात दोघींचीही लग्नं झाली, तेव्हापासून बा मला पोचवायला-आणायला येत होता. शाळेची वाट मधे लांबवर निर्मनुष्य होती, सागाच्या जंगलातून जाणारी. बा म्हणाला, एकट्या पोरीला त्या वाटेनं मी सोडणार नाही, यंदा तू आमच्यासंग चल. दहावीचं वर्ष आहे म्हटलं, तर तो गप्प बसला. बा गप्प बसला म्हणजे ठरलं. शाळेच्या वेळेला तांड्यावरून बस असती तर प्रश्नच नव्हता. बस येत होती, पण दुपारी, आणि तीसुद्धा तिची मर्जी असेल तेव्हा.

अशा मनानं मी वाशीमला पोचले. शाळेचा मोठा हॉल, समोर अध्यक्षांचं टेबल, दोन्ही बाजूंना वर्गातली बाकं. टेबलावर राजदंड म्हणून लेझीम पथकाची चंदेरी काठी ठेवली होती. शिबिराचे सर पहिल्याच तासाला म्हणाले, "काहीही झालं तरी राजदंडाला हात लावायचा नाही." झालं. त्यानंतर तीन दिवस आम्हा विरोधकांना दुसरं काही सुचत नव्हतं. अध्यक्ष होती कारंज्याची एक मुलगी, चष्मेवाली, आणि तिचा आवाज असा की आमच्या तांड्यातली कुत्रीसुद्धा गप्प बसली असती. ती राजदंड मांडीवरच घेऊन बसायची.

ब तुकडीतला तो मुलगा परिवहन मंत्री झाला. बापाचं सायकलचं दुकान म्हणून त्याला परिवहन खातं, असा सरांचा हिशोब असावा. मी विरोधात. माझं बोलणं ऐकून शिरपूरच्या पोरांनी मलाच पक्षनेता करून टाकलं. तीन दिवसांत मी दोनदा सभात्याग केला. एकदा तत्त्वासाठी आणि एकदा बाहेर पोहे आले होते म्हणून.

शेवटच्या दिवशी प्रश्नोत्तराचा तास होता. प्रश्न सरांनी आधीच चिठ्ठ्यांवर लिहून दिले होते आणि मंत्र्यांना उत्तरंही. माझ्या चिठ्ठीवर बसस्थानकांच्या स्वच्छतेबद्दल काहीतरी होतं. मी उभी राहिले, चिठ्ठी बाकावर ठेवली आणि पुस्तकी मराठी कुठल्या कुठे गेली. म्हटलं, "अध्यक्ष महोदय, आमच्या तांड्यावरून मानोऱ्याले शायेच्या टायमाले बस काहून नाई? पोरीनं शिकाव की नाई? मंत्र्यांनं सांगाव."

परिवहन मंत्री हातातला कागद उलटसुलट करत राहिला. त्यात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सर मागून खाकरले. मला वाटलं, आता हा "माहिती घेऊन कळवतो" म्हणून बसणार. पण त्यानं कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. वर्गात कधी बघितलं नव्हतं तसं, सरळ.

"अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांचा प्रश्न बरोबर आहे. दिवाळीपूर्वी शाळेच्या वेळेला बस सुरू करण्यात येईल."

"शब्द देता का?" मी बसलेच नव्हते.

"सभागृहात शब्द देतो. घंटा व्हायच्या आधी सदस्य शाळेत पोचतील."

दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. सत्ताधाऱ्यांनी वाजवली ते ठीक, आमच्याही पोरांनी वाजवली. खोटं आहे हे मला माहीत होतं, तरी मला रडायला आलं. कुणी मला अशा तऱ्हेनं, एवढ्या लोकांत, हो म्हटलंच नव्हतं आजवर.

तांड्यावर परतल्यावर संध्याकाळी अंगणात बसून मी सगळं साग्रसंगीत सांगितलं. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली बोलतो. इथे मात्र मी बाचं बोलणं मानोऱ्याच्या बाजारात तो जसं बोलायचा तसं लिहिते, म्हणजे सगळ्यांना कळेल. बा बाजेवर बसून ऐकत होता. याडी, म्हणजे माझी आई, भाकरी थापत होती. बाला सगळ्यात गंमत वाटली ती बाकं वाजवण्याची.

"टाया काहून नाई वाजवत?"

"विधानसभेत बाकंच वाजवतेत. बोलनं पटलं म्हंजे."

त्यानं बाजेच्या लाकडावर दोन थापा मारून पाहिल्या आणि स्वतःशीच हसला. मग मी बसचं सांगितलं. त्याचं हसू थांबलं. मी घाईघाईनं म्हटलं, "बा, ते खरं नाई व्हय. लुटूपुटूचं."

"तो उभा राहून बोलला?"

"व्हय."

"लोकाईसमोर?"

"व्हय, पन..."

"मंग त्यात लुटूपुटू काय व?"

आमच्या तांड्यात भांडणतंटा असो की सोयरीक, नायकापुढे, म्हणजे तांड्याच्या प्रमुखापुढे, बैठक बसते. तिला नसाब म्हणतात. तिथे कागद नाही, सही नाही. माणूस उभा राहतो, चारचौघांत बोलतो, आणि ते बोलणं त्याच्या गळ्यात पडतं. मागे घेता येत नाही. कुणी मागे घेतलंच तर नायक आणि कारभारी, म्हणजे नायकाच्या खालोखालचा मानकरी, त्याच्या दारात जाऊन बसतात आणि उत्तर मिळेपर्यंत उठत नाहीत. बानं उभ्या जन्मात दुसरी कुठली सभा पाहिली नव्हती. विधानसभा म्हणजे मोठा नसाब, एवढंच त्याला कळलं. खरं सांगायचं तर, मी आजही त्याची समजूत चुकीची होती असं म्हणायला तयार नाही.

दिवाळी तोंडावर आली. बस काही आली नाही. बानं नायकाच्या कानावर घातलं आणि एका बाजाराच्या दिवशी पांढरे पटके बांधून तिघं निघाले. बा, नायक आणि कारभारी. मागून मी. मी वाटेत दहा वेळा सांगितलं की माझी लाज जाईल, शाळेत पोरं चिडवतील. बा म्हणाला, "लाज बोलनाऱ्याची जाते, आयकनाऱ्याची नाई."

सायकलच्या दुकानात तिघंही चपला काढून बसले. दुकानदार चाचा एका चाकाचे आरे आवळत होते. त्यांना वाटलं गिऱ्हाईक आहे.

"बोला भाऊ. पंचर?"

"मंत्री कुठं हाय?" नायकानं विचारलं.

परिवहन मंत्री आत होता. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता. मला बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. केसांचं तेल तेवढं जागच्या जागी होतं.

बानं सगळी हकीकत सांगितली, अगदी बाकं वाजली इथपर्यंत. चाचांनी ऐकून घेतलं, पाना खाली ठेवला आणि मुलाला बाहेर बोलावलं.

"तू बोला था ऐसा?"

"अब्बा, वो नाटक था."

"नाटक की बात मेरे को मत बता. बोला था क्या?"

"बोला था."

चाचांनी फडक्याला हात पुसले. मग शेजारच्या टपरीवर चहा सांगितला आणि आमच्या माणसांकडे वळून म्हणाले, "भाऊ, बस आननं माह्या बापाच्यानं बी होत नाई. पन पोट्ट्यानं जबान देल्ली, ते माह्या घरची जबान हाय. पोरगी शायेत पोचली पाह्यजे, हेच ना?"

"शब्द बसचा होता," कारभारी म्हणाला. तो अशा बाबतीत माझ्यापेक्षा कडक होता.

तेव्हा परिवहन मंत्री पुढे आला. हात ओले, पँटीवर ग्रीस. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं, मग नायकाकडे तोंड केलं आणि चक्क सभागृहातल्या आवाजात म्हणाला, "अध्यक्ष महोदय, बसऐवजी सायकल देण्यात येईल. घंटा व्हायच्या आधी सदस्य शाळेत पोचतील, तो शब्द कायम आहे."

नायकाला जन्मात कुणी अध्यक्ष महोदय म्हटलं नव्हतं. तो सावरून बसला. दाढीवरून हात फिरवला. आणि मग त्यानं जे केलं ते मी कधी विसरणार नाही. आमच्या बैठकीत बायकांना विचारत नाहीत, पोरींना तर नाहीच. त्यानं मला विचारलं.

"छोरी, तुह्यं काय म्हननं?"

मला खरं तर भांडायचं होतं. मी बस मागितली होती, माझ्यामागून येणाऱ्या लहान मुलींसाठीही मागितली होती, आणि हे लोक मला दोन चाकांवर गुंडाळत होते. तेव्हा मनात आलं होतं की सभात्याग करावा. पण चारही माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "मले चालवता येत नाई."

चाचा आधी हसले. मग नायक, मग सगळेच. मंत्रीसुद्धा हसला आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

आमच्या तांड्यात तोवर एकाही मुलीनं सायकल चालवली नव्हती, म्हणून हा विचार कुणाच्या डोक्यातच आला नव्हता. बा सायकल घ्यायला तयार झाला, पण त्यानं अट घातली. ट्रक यायच्या आधी नीट शिकली तर राहायचं. नाही शिकली तर ट्रकमध्ये बसायचं. सायकलवरची पोरगी वाटेत थांबत नाही, हे चाचांचं म्हणणं त्याला पटलं होतं. पण पडणारी पोरगी त्याला त्या जंगलात नको होती.

चाचांनी भंगारातून ती सायकल उभी केली. सांगाडा एकीचा, चाकं दुसरीची, सीट तिसरीची. हिरवा रंग मंत्र्यानं स्वतः दिला, आणि चेनच्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, परिवहन विभाग. मला ते बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज ते झाकण माझ्या घरात खिळ्याला टांगलेलं आहे.

मग आमच्या मंदिरापुढच्या मोकळ्या जागेत माझं शिक्षण सुरू झालं. बा मागून सीट धरून पळायचा. त्याला धाप लागायची, पटका सुटायचा, पण तो सोडायचा नाही, आणि तो सोडत नसल्यामुळे मला येत नव्हतं. सगळा तांडा गंमत बघायला बसायचा. मी बाभळीत पडले, शेणाच्या ढिगात पडले, एकदा कारभाऱ्याच्या अंगावर पडले. ट्रक परवा येणार अशी बातमी आली तरी मला सायकलवर एकटीला बसता येत नव्हतं. त्या दिवशी मी चिडून सायकल जमिनीवर टाकली आणि घरात जाऊन बसले. म्हटलं, नाही येत, जाऊ द्या, करीन मी तिकडे भाकरी.

याडी माझ्याजवळ आली. तिनं आतापर्यंत या प्रकरणात एक शब्द काढला नव्हता. मी संग गेले असते तर तिला केवढा आधार झाला असता, हे मला कळत होतं. अंधार असताना उठून स्वयंपाक, मग दिवसभर फडात वाकून मोळ्या बांधणं, त्यात लहान भावाला सांभाळणं. तिचा अर्धा भार मी उचलला असता. ती म्हणाली, "तू आलीस तर मले बरंच हाय. म्हनून म्हन्तो, ऊठ. मी पुन्हा नाई म्हननार."

मी उठले. बाला म्हटलं, तू धरू नको. तो म्हणाला, बरं. मी पायडल मारलं, मंदिराला वळसा घातला, परत आले, तेव्हा कळलं की तो जागेवरच उभा आहे. थांबायचं कसं ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून मी आणखी तीन वळसे घातले आणि शेवटी गंजीवर जाऊन आदळले.

परिवहन मंत्र्यांबद्दलही सांगून टाकते. त्यांनी पुढे वडिलांचं दुकान वाढवलं. आता बॅटरीवरच्या गाड्या विकतात. मानोऱ्याला गेले की मी दुकानासमोर उभी राहून सगळ्या गिऱ्हाइकांदेखत विचारते, "मंत्रीसाहेब, आमच्या बसचं काय झालं?" ते हात जोडून म्हणतात, "प्रश्न विचाराधीन आहे." दरवेळी हेच बोलणं होतं आणि दरवेळी आम्हा दोघांना ते नवं वाटतं. चाचा आता नाहीत. ते होते तोवर माझ्या सायकलला त्यांच्याशिवाय कुणी हात लावलेला त्यांना खपायचं नाही.

तर ट्रक आला. सकाळची वेळ होती. भांडी, गोधड्या, कोयते, कोंबड्या, माणसं, सगळं त्यात चढलं. काकी दारात उभी होती. फाट्यापर्यंत माझी आणि ट्रकची वाट एकच, म्हणून मी दप्तर लावून ट्रकच्या मागे निघाले. रस्ता खराब, त्यामुळे ट्रक हळू चालला होता आणि मी त्याच्या धुळीत. बा मागच्या फाळक्याला धरून उभा होता. त्याच्या शेजारी याडी, कडेवर भाऊ.

फाटा आला. ट्रक दिग्रसकडे वळणार आणि मी मानोऱ्याकडे. बाला काहीतरी बोलायचं होतं, ते मला दिसत होतं. पण बा बोलणारा माणूसच नव्हता. त्यानं फाळक्यावरचा हात उचलला आणि तळहातानं फाळका वाजवायला लागला. धाड, धाड, धाड. मला लगेच कळलं. तो बाकं वाजवत होता.

ड्रायव्हरला हे कुठून ठाऊक? फाळका वाजला म्हणजे गाडी थांबवायची, एवढंच त्याला माहीत. त्यानं करकचून ब्रेक मारला, आत भांडी गडगडली, आणि खिडकीतून मुंडकं काढून तो ओरडला, "कोन पडलं बे?"

कोणी पडलं नव्हतं. याडीनं मोकळा हात फाळक्यावर मारला. मग शेजारच्या बाईनं, मग पोरांनी, मग ट्रकमधल्या सगळ्यांनीच. काहून वाजवायचं हे त्यांतल्या निम्म्यांना माहीतही नसावं. मी एक पाय टेकवून रस्त्यात उभी होते आणि मला समोरचं काही दिसत नव्हतं.

"जाय ना व!" बा ओरडला. "घंटा होऊन राह्यली!"

मी पायडल मारलं. जंगलाच्या वळणापर्यंत मागून फाळका वाजताना ऐकू येत होता. घंटा व्हायच्या आधी मी वर्गात होते.